हिशेबाची दुसरी साक्ष

व्यापारी घराच्या पेढीवर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत अनेक बदल झाले. त्यांत सर्वांत शांतपणे घडलेला बदल हिशेबाच्या बैठकीचा आहे. उतरत्या मेजाच्या जागी लॅपटॉप आला, लाल बासनातल्या वह्या कपाटात गेल्या आणि दिवाणजींच्या बोटांना जे काम तासभर पुरे, ते एक्सेलच्या शीटवर एका सूत्राने होऊ लागले. हा लाभ कोणी नाकारत नाही आणि नाकारण्याचे कारणही नाही. मात्र या बदलाबरोबर एक समजूत घरोघरी रुजली आहे. बेरीज आता यंत्रच करते, तेव्हा कॅल्क्युलेटरवर भराभर बोटे चालवण्याचे कसब जुन्या पिढीबरोबर गेले तरी काही बिघडत नाही, असे पुष्कळांना वाटते.

ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. स्प्रेडशीटशी शर्यत लावणे हा त्या कसबाचा उपयोग कधीच नव्हता. स्प्रेडशीटने दिलेला आकडा जागच्या जागी, वेगळ्या वाटेने, अर्ध्या मिनिटात पडताळून पाहता येणे, हा त्याचा खरा उपयोग आहे. एका साक्षीदारावर न्यायालयही सहसा विसंबून राहत नाही. मग व्यापाऱ्याने का राहावे?

महाराष्ट्रातल्या व्यापारी घरांत गणिताचे शिक्षण एकेकाळी पाढ्यांपासून सुरू होई. तीसपर्यंतचे पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशी अपूर्णांकांची मालिका पाठ करून घेत. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै, अशा चलनात ही मालिका रोजच्या रोज कामी येई. 1 एप्रिल 1957 रोजी देशात दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजने-मापे आली आणि अपूर्णांकांचे पाढे मागे पडले. बँकांत आणि मोठ्या कचेऱ्यांत दांडी फिरवण्याची फॅसिटची गणकयंत्रे आली, ती जाऊन इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर आले. 1979 मध्ये अमेरिकेत डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी व्हिसिकॅल्क ही पहिली लोकप्रिय स्प्रेडशीट बाजारात आणली आणि 1985 मध्ये एक्सेल आले. प्रत्येक टप्प्यावर श्रम कमी झाले. मात्र उत्तर बरोबर आहे की नाही हे ओळखण्याची जबाबदारी कोणत्याही यंत्राने स्वतःकडे घेतली नाही. ती गादीवर बसणाऱ्या माणसाकडेच राहिली.

अठरावे पोते

सांगलीच्या बाजारपेठेतल्या हळदीच्या सौद्याचे उदाहरण घ्यावे. समजा, एका शेतकऱ्याची अठरा पोती हळद क्विंटलला 14,250 रुपये दराने विकली गेली. पोते सरासरी 52 किलोचे, म्हणजे एकूण वजन 936 किलो आणि किंमत 1,33,380 रुपये. आता शीटवर वजने भरताना सतरा पोत्यांखाली बेरजेचे सूत्र लिहिले गेले. अठराव्या पोत्याची नोंद नंतर मिळाली, ती एक ओळ वाढवून भरली. परंतु सूत्राची कक्षा सतराव्या ओळीपर्यंतच राहिली. शीट 884 किलो वजन दाखवते आणि किंमत काढते 1,25,970 रुपये. ओळी नीटनेटक्या आहेत, आकडे सरळ रेषेत आहेत, कुठेही लाल खूण नाही. शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या पट्टीत मात्र 7,410 रुपये कमी आहेत.

अनुभवी माणूस येथे तोंडी अंदाज घेईल, असे म्हणता येईल. अंदाजाने दशांशचिन्हाची किंवा शून्याची ढोबळ चूक पकडता येते, ही गोष्ट खरी आहे. परंतु येथे अंदाज काय सांगतो? सुमारे नऊशे किलो माल, किलोला सुमारे 140 रुपये, म्हणजे 1,26,000. हा अंदाज नेमका चुकीच्या आकड्यालाच दुजोरा देतो. पाच-सहा टक्क्यांची चूक अंदाजाच्या जाळ्यातून सहज निसटते आणि व्यापारातला नफा बहुधा तेवढ्याच टक्क्यांत असतो.

ज्याची बोटे कॅल्क्युलेटरवर सहज चालतात, तो पट्टी हातातून जाण्यापूर्वी 884 भागिले 18 करून पाहील. उत्तर येते 49.11. पोती तर बावन्न किलोची भरली होती. हा भागाकार पाच सेकंदांचा आहे. त्यानंतरची शंका आणि शंकेनंतरची दुरुस्ती मिळून दोन मिनिटांत संपते. पट्टी शेतकऱ्याच्या खिशात गेल्यावर, त्याने घरी जाऊन ती कोणा शिकलेल्या मुलाला दाखवल्यावर हीच चूक उघडकीस आली, तर ती दुरुस्त करायला 7,410 रुपये पुरत नाहीत. पुढच्या हंगामात तो शेतकरी दुसऱ्या अडत्याकडे गाडी लावतो आणि गावातल्या चार जणांना कारणही सांगतो.

अशी चूक केवळ बाजारपेठेतल्या घाईत होते असे नाही. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी 2010 मध्ये सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांच्या संबंधावर एक निबंध प्रसिद्ध केला. कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या 90 टक्क्यांवर गेलेल्या देशांची सरासरी वाढ शून्याच्याही किंचित खाली, म्हणजे उणे 0.1 टक्का असते, असा त्याचा निष्कर्ष होता आणि अनेक देशांच्या धोरणांच्या चर्चेत त्याचा आधार घेतला गेला. 2013 मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ शीट मिळवून हिशेब पुन्हा केला. वीस देशांच्या सरासरीचे सूत्र पाच ओळी आधीच थांबले होते आणि पाच देश गणतीतून सुटले होते. निबंधात इतरही दोष दाखवले गेले. सर्व दुरुस्त्यांनंतर ती सरासरी अधिक 2.2 टक्के आली. अर्थशास्त्राचा वाद बाजूला ठेवला, तरी सूत्राची चूक सांगलीच्या अठराव्या पोत्याचीच होती. वीस आकड्यांची सरासरी कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत निघते.

दुसरा प्रसंग इंग्लंडमधला. 2020 च्या सप्टेंबरअखेरीस आणि ऑक्टोबरच्या आरंभी कोरोनाच्या 15,841 रुग्णांच्या नोंदी सरकारी आकडेवारीतून गळाल्या. एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये 65,536 पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. त्यापुढची माहिती आत आलीच नाही. त्या रुग्णांच्या संपर्कातल्या माणसांचा शोधही त्यामुळे लांबला. किती नोंदी पाठवल्या आणि किती पोहोचल्या, हे दोन आकडे रोज शेजारी मांडले असते, तर फरक पहिल्याच दिवशी दिसला असता. बँकेतल्या जुन्या कारकुनाला ही पद्धत नवी नाही. व्हाउचरांची संख्या आणि त्यांची बेरीज खातेवहीत नोंदी करण्यापूर्वीच वेगळी काढून ठेवण्याची शिस्त त्याला पहिल्या महिन्यातच लावली जात असे.

वेग कशासाठी

येथे कोणी विचारील की पडताळणी हवी हे मान्य, पण त्यासाठी वेग कशाला? सावकाश केलेली पडताळणी अधिक चांगली नव्हे का?

याचे उत्तर माणसाच्या स्वभावात आहे. जे तपासायला दहा मिनिटे लागतात, ते माणूस गर्दीच्या वेळी तपासत नाही. समोर गिऱ्हाईक उभे असते, टेम्पो भरलेला असतो, फोन वाजत असतो. अशा वेळी शंका मनात येते आणि ‘कॉम्प्युटरने काढले आहे, बरोबरच असेल’ या वाक्याखाली दबून जाते. तीच तपासणी वीस सेकंदांत होणार असेल, तर ती न करण्याला कारण उरत नाही. वेगामुळे शंका घेणे परवडते, आणि ज्या पेढीवर शंका घेणे परवडते तिथे चुका उंबरठ्याबाहेर पडत नाहीत.

शिवाय दुसऱ्या वाटेने केलेला हिशेबच साक्ष म्हणून उपयोगी पडतो. त्याच शीटवर तेच सूत्र पुन्हा चालवले, तर तीच चूक तितक्याच आत्मविश्वासाने पुन्हा समोर येते. शीटमध्ये एखादी रक्कम आकडा म्हणून न राहता अक्षर म्हणून साठवली गेली, तर डोळ्यांना ती दिसते, पण बेरजेत धरली जात नाही. उलट, लपवलेली ओळ डोळ्यांना दिसत नाही, पण साध्या बेरजेच्या सूत्रात धरली जाते. पंधरापेक्षा अधिक अंकांची संख्या टाइप केली, तर पुढचे अंक शून्य होतात. खाते क्रमांकाच्या आरंभीचे शून्य गळून पडते. ही सर्व शीटची अंगभूत वैशिष्ट्ये आहेत. मूळ कागद समोर ठेवून बोटांनी केलेली बेरीज या सापळ्यांतून जातच नाही, म्हणून तिची साक्ष वेगळी ठरते.

बोटांचे शिक्षण

गादीवरच्या मोठ्या कॅल्क्युलेटरवर 5 या बटणावर एक बारीक उंचवटा असतो. तो शोभेसाठी नाही. मधले बोट त्यावर टेकले की तर्जनी 4 वर आणि अनामिका 6 वर आपोआप येते. याच तीन बोटांनी वरची 7, 8, 9 आणि खालची 1, 2, 3 ही बटणे दाबायची, अंगठ्याने शून्य आणि करंगळीने अधिकचे चिन्ह. नजर कागदावर राहिली पाहिजे, बटणांवर नव्हे. नजर प्रत्येक आकड्यासाठी कागद, बटण, पडदा अशी फिरू लागली की वेगही जातो आणि ओळही चुकते. सराव झालेला हात पाच अंकी चाळीस रकमांची बेरीज दीड-दोन मिनिटांत करतो. उजव्या हातात पेन धरून डाव्या हाताने कॅल्क्युलेटर चालवण्याची सवय लावली, तर बेरीज आणि खूण ही दोन्ही कामे बरोबरीने होतात.

मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर हे साधत नाही. काचेला उंचवटा नसतो, त्यामुळे बोटाला आपली जागा कळत नाही आणि नजर पडद्यावरच अडकते. त्यातच मध्येच संदेश येतो आणि बेरीज तुटते. उलट, संगणकाच्या मोठ्या कीबोर्डवर उजवीकडे अंकांची जी चौकट असते, तिची रचना गादीवरच्या कॅल्क्युलेटरसारखीच असते. म्हणून एकदा बोटे तयार झाली की शीटमध्ये माहिती भरण्याचे कामही वेगाने आणि कमी चुकांनी होते. हे कसब स्प्रेडशीटच्या विरोधातले नाही. तिच्याही कामाचे आहे.

बोटांच्या पुढची पायरी स्मृतीच्या बटणांची. घरात कॅल्क्युलेटर असतो, पण एम प्लस, एम मायनस, एमआरसी आणि जीटी ही बटणे वर्षानुवर्षे कोरी राहतात. रात्री गल्ला मोजतानाचे उदाहरण पाहावे. पाचशेच्या 37 नोटा, दोनशेच्या 24, शंभराच्या 61, पन्नासच्या 18, विसाच्या 35 आणि दहाच्या 42. बहुतेक जण सहा गुणाकार कागदावर लिहितात आणि मग बेरीज करतात. 500 गुणिले 37 करून थेट एम प्लस दाबले, तर 18,500 स्मृतीत जातात. पुढच्या पाच ओळींचेही तसेच करायचे. शेवटी स्मृतीचे बटण दाबले की 31,420 हा आकडा समोर येतो. मधले काहीही लिहावे लागत नाही, म्हणून लिहिताना होणारी चूकही होत नाही.

हीच रीत व्याजाला लागू पडते. कटमितीने व्याज काढण्याची जुनी पद्धत व्यापारी घरांना परिचित आहे: जितकी शिल्लक जितके दिवस राहिली, त्यांचा गुणाकार करायचा आणि सर्व गुणाकारांची बेरीज घ्यायची. समजा, एका महिन्यात 1,50,000 रुपये 12 दिवस, 1,10,000 रुपये 9 दिवस आणि 1,85,000 रुपये 10 दिवस वापरले. तीन गुणाकार स्मृतीत घातले की बेरीज 46,40,000 येते. तिला दराने, समजा 9 ने गुणून 36,500 ने भागले की व्याज 1,144 रुपये 11 पैसे. बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यावर लागलेले व्याज असे महिन्यातून एकदा स्वतः काढून पाहणारा खातेदार बँकेला काही विचारायला जातो, तेव्हा तक्रारीऐवजी हिशेब घेऊन जातो, आणि त्याचे म्हणणे ऐकले जाते.

‘शेकडा दीड’ हा तोंडी ठरलेला दर घ्यावा. 2,40,000 रुपयांचे 47 दिवसांचे व्याज महिना तीस दिवसांचा धरला तर 5,640 रुपये होते. तोच दर वर्षाला 18 टक्के मानून 365 दिवसांनी भागले, तर 5,562 रुपये 74 पैसे होते. फरक 77 रुपयांचा. शीटमध्ये कोणते सूत्र दडले आहे हे न पाहता दोन्ही बाजूंनी आपापला आकडा खरा मानला, की सत्त्याहत्तर रुपयांवरून वर्षांचे संबंध दुखावतात. जागेवर दोन्ही रीतींनी काढून दाखवता आले, तर तो वाद न राहता केवळ पद्धतीचा प्रश्न उरतो.

काउंटरवर रोज येणारे दोन हिशेब तर प्रत्येकाच्या बोटांवर असावेत. पहिला, करासह किमतीतून कर वेगळा काढण्याचा. 18 टक्के जीएसटीसह 2,360 रुपयांच्या वस्तूची मूळ किंमत काढताना 2,360 चे 18 टक्के वजा करणारे आजही भेटतात. त्यांना 1,935 रुपये 20 पैसे मिळतात. बरोबर रीत 1.18 ने भागण्याची. मूळ किंमत 2,000 आणि कर 360. दुसरा हिशेब सवलतीवर सवलतीचा. 20 टक्के आणि वर 10 टक्के म्हणजे 30 टक्के नव्हे. 85,000 च्या मालाला 0.8 ने आणि मग 0.9 ने गुणले की 61,200 येतात. 30 टक्के समजणारा 59,500 चा हिशेब मनात धरून बसतो. सौदा ठरतो त्या क्षणी लॅपटॉप उघडलेला नसतो. तिथे हाताशी असलेले यंत्र आणि सरावलेली बोटेच कामी येतात.

कॅल्क्युलेटरही चुकवतो

कॅल्क्युलेटरवर आंधळा विश्वास ठेवणे हेही शीटवर आंधळा विश्वास ठेवण्याइतकेच घातक आहे. साधा कॅल्क्युलेटर डावीकडून उजवीकडे हिशेब करत जातो. 2 अधिक 3 गुणिले 4 असे दाबले तर तो 20 दाखवतो. शीट आधी गुणाकार करून 14 दाखवते. टक्क्याचे बटण सर्व कंपन्यांच्या यंत्रांवर सारखे चालत नाही. 1,000 अधिक 18 टक्के असे दाबल्यावर काही यंत्रे 1,180 दाखवतात, तर काही विक्री किमतीवरचा नफा समजून 1,219.51 दाखवतात. म्हणून टक्क्याच्या बटणाऐवजी 1.18 ने गुणण्याची सवय सुरक्षित. वरच्या पट्टीवरचा दशांशाचा खटका ‘ए’ या खुणेवर राहिला, तर बेरजेत 1250 टाइप केले असता यंत्र ते 12.50 समजते. दिवसाच्या पहिल्या बेरजेपूर्वी हा खटका पाहणे आणि स्मृती रिकामी करणे, हे दुकानाचे कुलूप काढण्याइतकेच सवयीचे व्हावे.

दोन बेरजा जुळल्या नाहीत, तर फरकाकडे नीट पाहावे. फरकाला 9 ने निःशेष भाग जात असेल, तर बहुधा दोन अंकांची अदलाबदल झालेली असते. 936 च्या जागी 963 लिहिले, तर फरक 27. 9 ने भाग जातो. 12,000 च्या जागी 1,200 लिहिले, तर फरक 10,800. त्यालाही 9 ने भाग जातो, कारण तिथे शून्य गळालेले असते. फरकाच्या निम्मी रक्कम वहीत कुठे सापडली, तर ती जमेची नावे किंवा नावेची जमा झाली असण्याचा संभव मोठा. जुन्या दिवाणजींना या खुणा तोंडपाठ असत, आणि चूक शोधायला ते पहिल्या पानापासून सुरुवात करीत नसत.

प्रमाद आणि विवेक

जैन परंपरेत हिशेबाकडे केवळ नफ्यातोट्याच्या दृष्टीने पाहिलेले नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अणुव्रतांचे अतिचार सांगितले आहेत. अचौर्यव्रताच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान, म्हणजे कमीअधिक मापे ठेवणे, येते. सत्यव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, येते. अठरावे पोते जाणूनबुजून कोणी गाळले नव्हते, म्हणून त्या चुकीला कूटलेख म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु त्याच अध्यायात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला मध्यवर्ती स्थान दिले आहे. पडताळणे हाती असूनही न पडताळलेला आकडा दुसऱ्याच्या हाती देणे, हा प्रमादच. शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले, तर त्याचे 7,410 रुपये कपटाने गेले की आळसाने, याने काही फरक पडत नाही.

गणिताविषयीचा आदर या परंपरेत जुना आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्य या जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. एम. रंगाचार्य यांनी तो 1912 मध्ये मद्रासहून इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. लौकिक, वैदिक आणि धार्मिक अशा सर्वच व्यवहारांत गणिताचा उपयोग आहे, अशी भूमिका आरंभी घेऊन त्यात व्याजाची आणि वेगवेगळ्या कसाचे सोने एकत्र करण्याची उदाहरणेही दिली आहेत. शास्त्र आणि दुकान यांच्यामध्ये त्या आचार्यांनी भिंत उभी केली नाही.

आज घरातल्या मुलामुलींना हे कसब कसे द्यावे? त्यासाठी क्लास लावण्याची गरज नाही. कालची बिले किंवा व्हाउचरे रोज दहा मिनिटे घ्यावीत. एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर बेरीज करावी. दोन्ही जुळल्या तरच ती शीटच्या बेरजेशी ताडावी. दहा मिनिटे म्हणजे एका सामायिकाच्या अठ्ठेचाळीस मिनिटांचा जेमतेम पाचवा भाग. पहिल्या आठवड्यात वेगाचा विचार करू नये. बोटे आपापल्या जागी पडू द्यावीत. अचूकपणा आला की वेग मागोमाग येतो. हा क्रम उलटा केला, तर चुकाच वेगाने होतात. दुकानात नव्याने लक्ष घालणाऱ्या सुनेलाही हीच वाट सोपी पडते, कारण रोजच्या बिलांची बेरीज मारता मारता कोणाचा माल किती येतो आणि कोणाकडून पैसे किती दिवसांनी येतात, हे न विचारता कळू लागते. शीट तयार बेरीज समोर ठेवते, तेव्हा ही ओळख होत नाही.

सीएचा अभ्यास करणाऱ्या मुलांना तर याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. त्यांच्या परीक्षेच्या दालनात एक्सेल नसते. बारा अंकी, सहा क्रियांचा आणि दोन स्मृतींचा साधा कॅल्क्युलेटर नेण्याचीच मुभा असते. अनेक यंत्रांवर 1 भागिले 1.1 करून बरोबरचे बटण तीनदा दाबले, की 10 टक्के दराने पुढच्या तीन वर्षांच्या रुपयाचे आजचे मूल्य क्रमाने मिळते, आणि जीटी दाबले की त्यांची बेरीज 2.4869 समोर येते. मोठे कोष्टक जवळ नसले तरी त्यांचे अडत नाही. आश्चर्य एवढेच, की परीक्षा पास झालेला मुलगा पेढीवर बसला की तो कॅल्क्युलेटर खणात जातो.

मंदिराच्या ट्रस्टमध्ये खजिनदार म्हणून काम करणाऱ्यांनाही हा अनुभव येतो. पर्युषणात बोलींच्या रकमा एकामागून एक येतात, पावत्या फाडायच्या असतात आणि सभा उठण्यापूर्वी एकूण रक्कम जाहीर करायची असते. तिथे जाहीर केलेला आकडा दुसऱ्या दिवशी शीट बदलून कमीजास्त झाला, तर कोणी काही बोलत नाही, पण मनात शंका राहते. दोन माणसांनी दोन यंत्रांवर स्वतंत्रपणे बेरीज मारून जुळलेला आकडाच जाहीर करावा, एवढा नियम ती शंका टाळायला पुरेसा आहे.

दिवाळीला वहीपूजन होते, तेव्हा आता पुष्कळ घरांत वहीशेजारी लॅपटॉपही मांडला जातो, आणि ते योग्यच आहे. त्या पूजेत गादीवरच्या जुन्या कॅल्क्युलेटरलाही जागा असावी आणि दुसऱ्या दिवसापासून घरातले एक तरुण बोट त्याच्या 5 वरच्या उंचवट्यावर टेकलेले असावे. वर्षभराचा हिशेब शीट सांभाळील. तो खरा आहे की नाही, हे विचारणारा माणूस मात्र घरातच घडवावा लागतो.